परतीच्या मालाचें शास्त्र आणि बोहारीण

मालाच्या जाण्याच्या प्रवासाकडे अर्थशास्त्रानें फार पूर्वीपासून मोठ्या आस्थेनें पाहिलें आहे. कापूस शेतांतून गिरणींत कसा जातो, गिरणींतून निघालेला धोतरजोडा घाऊक व्यापाऱ्याकडून किरकोळ दुकानदाराच्या फळीवर कसा येतो, आणि या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामीं त्याच्या किंमतींत किती भर पडते, याचा हिशेब ठेवण्यांत ग्रंथकारांनीं कसूर केलेली नाहीं. परंतु तोच धोतरजोडा विरल्यावर पुढें कोठें जातो, हें विचारण्याची गरज त्यांपैकीं फार थोड्यांना वाटली. वस्तु गिऱ्हाइकाच्या हातीं पडली कीं शास्त्राचें काम संपलें आणि घरच्या बाईचें सुरू झालें, अशीच जणूं वाटणी ठरून गेली होती.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही वाटणी मोडली आहे. वापरून झालेला माल घरोघरून परत कसा आणावा, तो कोणीं आणावा, त्याचे पैसे कोणीं कोणास द्यावे, आणि या व्यवहारांत गुंतलेल्या निरनिराळ्या कंपन्यांचा मेळ कसा घालावा, याचें एक स्वतंत्र शास्त्र पाश्चात्य विद्यापीठांतून उभें राहिलें आहे. त्या शास्त्रांतील एक निबंध येथें परीक्षणासाठीं घेतला आहे. 'मॅनेजमेंट सायन्स' या अमेरिकन नियतकालिकांत २००४ सालीं तो प्रसिद्ध झाला. लेखक तिघे : जानान सावास्कान, शंतनु भट्टाचार्य आणि ल्युक व्हॅन वासेनहोव्ह. विषय असा कीं, जुन्या मालाची पुनर्निर्मिति करणाऱ्या कारखानदारानें तो माल परत मिळविण्याचें काम कोणावर सोंपवावें. या विषयावर पुढें जें लिहिलें गेलें त्यांतील पुष्कळसें याच निबंधाच्या पायावर उभें आहे, म्हणून त्याची निवड केली.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत असल्या गणिती निबंधाची चर्चा कशाला, असें एखादा वाचक विचारील. त्यानें आपल्याच घराच्या माळ्यावर एकवार नजर टाकावी. बंद पडलेला मिक्सर, वायर कुरतडलेली इस्त्री, कपाटाच्या तळाशीं निजलेले दोन-तीन मोबाइल, शाईची डबी संपलेला प्रिंटर—हा सर्व संसार परतीच्या वाटेवर निघण्यासाठीं खोळंबून बसला आहे. त्याला न्यायला कोण येणार आणि येणाऱ्याला काय मिळणार, एवढाच या निबंधाचा प्रश्न आहे. तो प्रश्न आपल्या आज्यांना चांगला ठाऊक होता.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. जुन्या वस्तूचें 'पुनर्चक्रण' आणि 'पुनर्निर्मिति' हे दोन शब्द वर्तमानपत्रांतून एकाच अर्थानें फेंकले जातात, आणि त्यामुळें पुष्कळ विचार पहिल्याच पावलाला घसरतो. तांब्याच्या हंड्याचा पोचा काढला, गळकें बूड बदललें, आंतून कल्हई केली आणि तो पुन्हां नव्यासारखा चुलीवर चढला, ही पुनर्निर्मिति. तोच हंडा मोडींत घातला, वितळवला आणि त्या तांब्याची तार ओढली, हें पुनर्चक्रण. दुसऱ्या प्रकारांत तांबें वांचतें, पण तांबटानें त्यांत घातलेली मेहनत विरघळून जाते. पहिल्यांत दोन्ही वांचतात. यंत्रयुगांतहि हा भेद तसाच कायम आहे. फ्रान्समधील श्वाझी-ल-रुआ येथें रेनो कंपनीनें १९४९ सालीं जुनीं इंजिनें उलगडून, झिजलेले भाग बदलून तीं पुन्हां नव्याच्या तोडीचीं करण्याचें काम सुरू केलें. अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनी १९७३ पासून आपल्या अवजड यंत्रांच्या सुट्या भागांबाबत हेंच करीत आली आहे. त्या कंपनीची रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुनर्निर्मित भाग विकत घेतांना गिऱ्हाइकाकडून जुन्या भागाबद्दल अनामत घेतली जाते. जुना भाग आणून दिला, तपासणींत तो कामाचा ठरला, म्हणजे अनामत परत मिळते. आपल्याकडे नवें भांडें घेतांना जुन्याची मोड वजनावर घेऊन ती किंमतींतून वजा करण्याची जी चाल आहे, तिचीच ही सख्खी बहीण.

आतां निबंधाकडे वळूं. लेखकांनीं रंगभूमीवर तीनच पात्रें आणलीं आहेत : कारखानदार, दुकानदार आणि त्रयस्थ ठेकेदार. जुन्या मालापासून वस्तु केली तर ती नव्या कच्च्या मालापेक्षां स्वस्त पडते, हें गृहीत आहे. म्हणजे परत आलेल्या प्रत्येक नगामागें कारखानदाराची कांहीं ठराविक बचत होते. माल परत आणण्यासाठीं खटपट करावी लागते, आणि ती खटपट जसजशी वाढवावी तसतशी अधिक महाग पडत जाते : पहिल्या दहा घरचा माल सहज येतो, शेवटच्या दहा घरचा आणतांना दमछाक होते. एवढी मांडणी करून लेखक विचारतात कीं, ही खटपट कारखानदारानें स्वतः करावी, दुकानदाराकडून करवावी, कीं ठेकेदाराला द्यावी? तिन्ही रीतींचीं उदाहरणें व्यवहारांत होतींच. झेरॉक्स कंपनी आपल्या यंत्रांच्या वापरलेल्या डब्या परस्पर गिऱ्हाइकांकडून टपालानें परत मागवी. कोडॅक कंपनीचे एकदांच वापरायचे कॅमेरे फिल्म धुवायला दुकानांत येत आणि तेथून त्यांचीं कवचें कंपनीकडे जात. मोटारींच्या धंद्यांत मोडतोड करणारे स्वतंत्र ठेकेदार होते.

गणिताचा निकाल दुकानदाराच्या बाजूचा लागला. दुकानदारानें गोळा केलें तर सर्वांत अधिक माल परत येतो, गिऱ्हाइकाला वस्तु सर्वांत स्वस्त मिळते, आणि कारखानदाराचा नफाहि वाढतो. त्याच्या खालोखाल कारखानदार स्वतः. ठेकेदाराचा क्रम शेवटचा. यांतील एक उपसिद्धान्त तर अत्यंत चमत्कारिक आहे, आणि आमच्या मतें तोच निबंधाचा गाभा होय. दुकानदारानें परत आणलेल्या प्रत्येक नगाबद्दल कारखानदारानें त्यास किती द्यावें? व्यवहारी माणूस म्हणेल, बचतीपैकीं निम्में द्यावें, निम्में ठेवावें. गणित म्हणतें, सगळी बचत देऊन टाकावी; कारखानदाराच्या हिताचें तेंच आहे. कारण असें कीं, प्रत्येक विकलेला नग उद्यां परत येणारा नग आहे हें कळल्यावर दुकानदार आपली किंमत उतरवतो, खप वाढवतो, आणि वाढलेल्या खपांतून कारखानदाराची झोळी दुसऱ्या बाजूनें भरते. मनुष्यस्वभावाच्या कृपणतेला इतकें सभ्य उत्तर गणितानें क्वचितच दिलें असेल. शेवटीं लेखक असेंहि दाखवितात कीं, कारखानदारानें दुकानदाराकडून एकदांच ठोक रक्कम घेऊन माल पडत्या भावांत दिला, तर दोघे मिळून एकच पेढी चालवीत असल्यासारखें वागतील. शास्त्राच्या भाषेंत याला दोन कंपन्यांचा समन्वय म्हणतात.

हें सर्व वाचतांना मराठी वाचकाच्या मनांत जें चित्र उभें राहतें तें बोहारणीचें. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला जुन्या कपड्यांचें बोचकें, आणि दुपारीं जेवणें उरकल्यावर आळींत घुमणारी तिची हांक. ती विकते आणि गोळाहि करते, तेंहि एकाच फेरींत, एकाच उंबऱ्यावर. पातेल्याची किंमत ती रुपयांत सांगतच नाहीं. दोन लुगडीं आणि एक सदरा, असा तिचा भाव असतो. नव्या मालाची विक्री आणि जुन्या मालाची परतफेड हे जे दोन व्यवहार लेखकांनीं मोठ्या प्रयासानें एका समीकरणांत बांधले, ते तिच्या घासाघिशींत कधीं वेगळे नव्हतेच. ही केवळ आपलीच मिरास आहे असेंहि नव्हे. सुझन स्ट्रासर या अमेरिकन इतिहासकार बाईंनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या केरकचऱ्याच्या सामाजिक इतिहासांत एकोणिसाव्या शतकांतील फेरीवाल्यांचें वर्णन केलें आहे. ते गाडींतून कथलाचीं भांडीं विकीत आणि बदल्यांत चिंध्या घेत. चिंध्या कागदाच्या गिरण्यांना लागत. पुढें कागद लांकडाच्या लगद्याचा होऊं लागला, मोठीं दुकानें आलीं, आणि ती दुहेरी गाडी थांबली. विकणारे विकूं लागले आणि गोळा करणारे केवळ गोळा करूं लागले.

येथवर निबंधाची वाखाणणीच झाली. आतां त्याच्या उणिवा.

सारांशांत लेखकांनीं आपला निष्कर्ष अशा आशयाचा मांडला आहे कीं, गिऱ्हाइकाच्या अधिक जवळ असणारा पक्ष माल परत आणण्याच्या कामीं सर्वांत प्रभावी ठरतो. विधान मनांत भरतें, आणि त्यामुळेंच तें पुढें अनेकांच्या तोंडीं झालें. परंतु सूत्रें उघडून पाहिलीं तर त्यांत जवळीक कोठेंच सांपडत नाहीं. गोळा करण्याचा खर्च तिन्ही पक्षांना अगदीं सारखा धरला आहे. दुकानदार दाराशीं आहे म्हणून त्याला कमी श्रम पडतात, असें एका अक्षरानेंहि म्हटलेलें नाहीं. मग तो जिंकतो कशाच्या जोरावर? विक्रीची किंमत ठरविणें त्याच्या हातांत आहे, या एकाच गोष्टीच्या जोरावर. जुन्या मालापासून होणारा लाभ तो नव्या मालाच्या किंमतींत उतरवूं शकतो. ठेकेदाराला तें शक्य नाहीं, म्हणून ठेकेदार हरतो. गणित बोलतें सत्तेविषयीं आणि सारांश बोलतो सान्निध्याविषयीं. या दोहोंत महदंतर आहे, आणि त्या अंतरांत आपल्याकडची लाखों माणसें उभीं आहेत.

भंगारवाला, रद्दीवाला, कचरावेंचक बाई यांच्याइतकें गिऱ्हाइकाच्या जवळ कोण आहे? आमच्या स्वयंपाकघरांत काल काय शिजलें हें शेजारणीच्या आधीं त्या बाईला कळतें. सारांशावर विश्वास ठेवला तर शास्त्राच्या दृष्टीनें मुकुट तिच्या डोक्यावर चढायला हवा. सूत्रांवर विश्वास ठेवला तर ती त्रयस्थ ठेकेदार ठरते : नव्या मालाच्या किंमतीवर तिचा कांहींएक अधिकार नाहीं, आणि म्हणून तिच्या पदरांत बचतीचा अर्धाच वांटा टाकणें कारखानदाराच्या फायद्याचें आहे. तोहि अर्धा वांटा, ती कारखानदाराशीं समोरासमोर व्यवहार करील तर. प्रत्यक्षांत मध्यें लहान दुकानदार, मोठा गोदामवाला, दलाल अशी उतरंड असते, आणि तळाच्या मडक्यापर्यंत काय झिरपतें तें सांगायला गणित नको. बोहारीण आणि कचरावेंचक या दोघी एकाच गल्लींतून जातात. पण एकीच्या डोक्यावर विकायची पाटी आहे आणि दुसरीच्या नाहीं. लेखकांना आपल्याच समीकरणांतली ही सर्वांत मोठी गोष्ट बोलून दाखवितां आली नाहीं, हा या निबंधाचा मुख्य दोष होय.

दुसरी उणीव परत येणाऱ्या मालाविषयींची. निबंधांत प्रत्येक जुना नग सारखाच चांगला आहे. परत आला कीं त्याची बचत ठरलेली. बोहारणीला हें ऐकवलें तर ती हंसेल. लुगडें दोन्ही हातांत ताणून ती उजेडाकडे धरते, काठाजवळ विरलेलें आहे का पाहते, पदराची जर खरी कीं खोटी तें नखानें खरवडून बघते, आणि मगच भाव बोलते. तिच्या धंद्याचें सारें कसब या चार क्षणांत आहे. कॅटरपिलरची अनामतहि तपासणीनंतरच परत मिळते, हें वर आलेंच आहे. जाणाऱ्या वाटेवर शंभर नग शंभर सारखे असतात. परतीच्या वाटेवर एकहि दुसऱ्यासारखा नसतो. एक कॅमेरा समुद्राच्या वाळूंतून येतो, एक लग्नघरांतून. म्हणून या वाटेवर सर्वांत मोलाचें श्रम निवडण्याचें असतें, आणि निबंधांत निवडणारे हात नाहींत. नंतरच्या लेखकांनीं मालाच्या दर्जाचा विचार पुष्कळ केला आहे. तरीहि पायाचा दगड अजून हाच मानला जातो, म्हणून हें नमूद करणें प्राप्त आहे.

काळाचा विचारहि असाच एका फुंकरींत उडवून दिला आहे. विक्री आणि परतफेड जणूं एकाच दिवशीं होतात. कोडॅकच्या कॅमेऱ्यांचीं कवचें परत येण्याची व्यवस्था नांवाजण्यासारखी होती. पण लोकांनीं फिल्मच घेणें सोडल्यावर परत आलेल्या कवचाचें करायचें काय? २०१२ च्या जानेवारींत त्या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

तिसरा मुद्दा वादाचा आहे आणि त्याला थोडा विस्तार हवा. निबंध गृहीत धरतो कीं जुना माल अखेर मूळ कारखानदाराकडेच जाणार. प्रश्न फक्त कोणत्या दारानें. पण जुन्या वस्तूला किंमत आहे असें दिसलें कीं तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ निघतात. फुजी कंपनीच्या एकदांच वापरायच्या कॅमेऱ्यांचीं कवचें दुसरेच लोक जमवीत, तीं उघडून त्यांत नवी फिल्म भरीत आणि पुन्हां बाजारांत आणीत. फुजीनें आपल्या पेटंटांच्या आधारें त्यांना अडविलें. जॅझ फोटो या कंपनीच्या प्रकरणांत अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानें २००१ सालीं असा निर्णय दिला कीं, जे कॅमेरे प्रथम अमेरिकेंत विकले गेले त्यांत नवी फिल्म भरणें ही केवळ दुरुस्ती होय, आणि दुरुस्तीचा हक्क वस्तूबरोबरच विकला जातो. पुढें लेक्समार्क कंपनीनें प्रिंटरच्या शाईच्या डब्या सवलतीनें विकतांना अट घातली कीं, डबी एकदांच वापरावी आणि रिकामी झाल्यावर फक्त आम्हांलाच परत करावी. वर डबींत एक चिप बसविली, म्हणजे कोणी तिसऱ्यानें शाई भरली तर ती चालूं नये. दुसऱ्यांनीं त्या चिपेवरहि तोड काढली. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, वस्तु विकली त्या क्षणीं तिच्यावरचा पेटंटाचा अधिकार संपला.

आतां विचार करा. लेक्समार्कची योजना आणि आमच्या निबंधकारांचा समन्वय यांत बाहेरून पाहतां काय फरक आहे? दोन्हींत विक्रीच्या वेळींच परतफेडीची सोय आहे, दोन्हींत गिऱ्हाइकाला सवलत आहे, दोन्हींत माल मूळ घरीं परततो. परंतु एकींत गल्लींतल्या शाई भरून देणाऱ्या लहान दुकानदाराचें पोट कापलें जातें. हें दुकान आपल्याहि ओळखीचें आहे. कॉलेजाजवळच्या झेरॉक्सच्या टपरीला लागूनच तें असतें, आणि परीक्षेच्या हंगामांत अर्ध्या गांवाचे प्रबंध त्याच्या शाईवर छापले जातात. तोहि पुनर्निर्मितिच करतो. दोन मोठ्या पक्षांचा मेळ बसला म्हणजे साखळी सुधारली असें म्हणतांना, मेळाबाहेर कोण पडलें याची नोंद शास्त्रानें ठेवली पाहिजे. न्यायालयांनीं ती ठेवली, निबंधानें नाहीं.

येथें आपल्या देशांतील कायद्याकडे पाहणें अगत्याचें आहे, कारण तो या शास्त्राचाच आधार सांगतो. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कचऱ्याविषयीं भारत सरकारनें २०११ सालीं नियम केले आणि उत्पादकाची जबाबदारी विक्रीनंतरहि चालूं राहते हें तत्त्व स्वीकारलें. २०१६ च्या नियमांनीं किती माल परत आणावा याचीं प्रमाणें घालून दिलीं. अनामत घेऊन ती परत करण्याची वाटहि त्यांत मोकळी ठेवली होती. त्यानंतर २०२२ चे नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले. त्यांची रचना अशी : नोंदणी झालेला पुनर्चक्रण-कारखाना जुन्या यंत्रांतून जितकी धातु काढील तितकीं प्रमाणपत्रें त्याच्या खात्यावर जमा होतात, आणि उत्पादक तीं प्रमाणपत्रें विकत घेऊन आपली जबाबदारी फेडतो. उत्पादकानें फेडावयाचा हिस्सा पहिल्या दोन वर्षांसाठीं ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठीं ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के ठरविला आहे. धातु मोजायच्या त्या चार : सोनें, तांबें, ॲल्युमिनियम आणि लोखंड.

हिशेबाच्या सोयीच्या दृष्टीनें ही युक्ति नामी आहे. परंतु आमच्या निबंधाच्या कसोटीवर ती घासून पाहिली तर काय दिसतें? निबंधाचा सारा डोलारा एका खांबावर उभा होता : वस्तु ज्यानें केली त्याच्याच हातीं ती परत येते आणि म्हणून बचत त्याची होते. या नियमांत वस्तु परत येतच नाहीं. परत येतो तो कागद. आपला मोबाइल सहज उघडावा, त्याचे भाग पुन्हां वापरतां यावे, अशी रचना एखाद्या कंपनीनें मोठ्या खर्चानें केली, आणि दुसरीनें सर्व कांहीं गोंदानें चिकटवून टाकलें, तर प्रमाणपत्रांच्या बाजारांत दोघींना एकच भाव पडतो. शिवाय मोजमाप धातूच्या वजनाचें. हंडा वितळवला तर त्याचें प्रमाणपत्र. कल्हई करून वापरांत ठेवला तर त्याला प्रमाणपत्र नाहीं, केवळ मुदतवाढ. नियमांत दुरुस्तीला अगदींच विसरले आहेत असें नव्हे. नोंदणी केलेल्यानें वस्तु दुरुस्त करून तिचें आयुष्य वाढविलें तर उत्पादकाची जबाबदारी तितकी पुढें ढकलली जाते. पण ढकलणें आणि फेडणें यांतला फरक कर्ज काढलेल्या कोणाहि गृहस्थाला समजावून सांगायला नको. वर हीं प्रमाणपत्रें अगदीं मातीमोल भावानें विकलीं जाऊं नयेत म्हणून २०२४ सालीं सरकारनें भावाला तळ घातला, तेव्हां कांहीं मोठ्या उत्पादक कंपन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या. सगळी बचत गोळा करणाऱ्याला देऊन टाकण्यांत स्वतःचेंच हित आहे, हा सिद्धान्त त्यांच्या वाचनांत आला नसावा.

तेव्हां समन्वयाचा मार्ग कोठें आहे? निबंधाच्या शब्दांकडे न पाहतां त्याच्या सूत्रांकडे पाहिलें तर मार्ग दोनच दिसतात. गोळा करणाराच्या हातीं विक्रीची सत्ता यावी, किंवा विक्रीच्या किंमतींतच परतीची किंमत कायद्यानें गोंवून टाकावी. पहिल्याच्या दिशेनें पुण्यांत एक पाऊल पडलें आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेंचकांची संघटना १९९३ सालीं स्थापन झाली. तिच्यांतून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनें २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचें काम सभासदांच्या हातीं आणलें. घरामागें शुल्क ठरलें, आणि वेंचलेलें भंगार विकण्याचा हक्क त्यांचाच राहिला. बाईला विकण्याजोगी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे तिची सेवा. ही बोहारणीची पाटी नव्हे. परंतु रिकामें डोकेंहि नव्हे.

दुसऱ्या मार्गाचें जें उत्तम उदाहरण आहे तें सांगतांना या मासिकाच्या सोवळ्या वाचकांची क्षमा मागावी लागेल, कारण तें दारूच्या दुकानांतलें आहे. तामिळनाडूंत किरकोळ मद्यविक्री सरकारी महामंडळाच्याच दुकानांतून होते. नीलगिरीच्या डोंगरांत फुटक्या बाटल्यांनीं उच्छाद मांडला होता. हत्तींसारख्या जनावरांच्या पायांना त्यांनीं जखमा होत. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ सालीं त्या जिल्ह्यांत प्रत्येक बाटलीमागें १० रुपये अधिक घेण्यास आणि रिकामी बाटली दुकानांत आणून दिल्यावर ते परत करण्यास सुरुवात झाली. बाटल्या परत येऊं लागल्या, योजना यशस्वी ठरली, आणि पुढें ती इतर जिल्ह्यांत नेण्यांत आली. विकणारा तोच, गोळा करणारा तोच, आणि किंमत त्याच्याच हातीं : निबंधांतला दुकानदार जणूं कागदावरून उठून घाटावर जाऊन बसला. मुंबईंत आरेचें दूध कांचेच्या बाटल्यांतून येत असे तेव्हां केंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घेण्यांत हेंच तत्त्व होतें; रांगेंत उभ्या असलेल्या पोराला त्याचें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें.

नीलगिरीच्या प्रयोगांतून निघालेली एक तक्रार मात्र या निबंधाच्या लेखकांनीं आणि त्यांच्या अनुयायांनीं अवश्य वाचावी. ती तक्रार गिऱ्हाइकांची नव्हे, कारखानदारांचीहि नव्हे. ती गल्ल्यामागें उभ्या असलेल्या नोकरांची आहे. बाटलीवर खुणेची चिठ्ठी डकवायची, परत आलेली बाटली तपासायची, दहा रुपये मोजून द्यायचे, वासाच्या बाटल्यांचीं पोतीं मागच्या खोलींत रचायचीं, आणि हें सर्व विक्रीचें काम सांभाळून त्याच पगारांत. निबंधांत दुकानदार हा एकच इसम आहे. मालकहि तोच, खटपट करणाराहि तोच, आणि बचत मिळते तीहि त्यालाच. प्रत्यक्षांत बचत महामंडळाच्या खात्यावर पडते आणि पोतें नोकराच्या पाठीवर. त्या पोत्यासाठीं समीकरणांत एक अक्षर कमी पडलें आहे, आणि या शास्त्राच्या पुढच्या अभ्यासकाला कामाला सुरुवात तेथूनच करतां येईल.